हळद, चांदीची पट्टी आणि दहा मिनिटांचा दाब

सिस्टर, नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातले, घरची द्राक्षबाग आहे. माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, वय ६८. बारा वर्षं शुगर आहे. आठ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला, तेव्हापासून रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. तीन आठवड्यांपूर्वी रात्रीच्या लायटीला बागेत पाण्याची दारं धरताना खोऱ्याचं पातं त्यांच्या उजव्या पावलावर, घोट्याच्या जरा खाली बसलं. रक्त थांबेना. घरातल्यांनी आधी हळद भरली, मग कॉफीची पूड. दवाखाना गाठेपर्यंत तास गेला. पाच टाके पडले. टाके काढल्यावर मधला भाग उकलला. आता बोटाच्या पेराएवढी जखम उघडी आहे, तळाला पिवळट थर दिसतो. रोज ड्रेसिंग करतो, पण गॉज चिकटतं आणि ओढलं की परत रक्त येतं. पुण्याच्या भावजींनी दोन गोष्टी पाठवल्यात : जखमेत हळूहळू औषध सोडणारी चांदीची पट्टी, आणि रक्त थांबवणाऱ्या गॉजचं पाकीट. म्हणतात, ही पट्टी लावली की पू होत नाही, गोळ्या-इंजेक्शनं लागत नाहीत. आबा म्हणतात, रक्त पातळ करायची गोळीच बंद करा म्हणजे जखम भरेल. काय करावं? आणि हळद भरली ते चुकलं का?
– एक सूनबाई

ताई, आधी गोळीचं बोलते. बाकीचं उद्या केलं तरी चालेल, पण हे आजचं आहे. आबांच्या दोन्ही गोळ्या ठरलेल्या वेळी द्या. स्टेंट बसून आठच महिने झालेत. एवढ्यात मनाने गोळी सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन झटका येऊ शकतो. आणि सोडून हाती काय लागणार? या गोळ्या रक्तातल्या प्लेटलेटना, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या बारीक पेशींना, एकमेकींना चिकटू देत नाहीत. एकदा बधिर झालेली प्लेटलेट पुन्हा जागी होत नाही, नव्या तयार व्हाव्या लागतात, आणि त्याला पाच ते दहा दिवस जातात. म्हणजे आज गोळी चुकवली म्हणून आजचं रक्त थांबणार नाही, धोका मात्र पदरात पडेल. गोळीत बदल करायचाच झाला तर तो स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांनी करायचा. आबांना हे समजावून सांगा, आणि त्यांची जखम या गोळ्यांमुळे अडलेली नाही हेही सांगा. कशामुळे अडली असावी, ते पुढे येईलच.

मी एकतीस वर्षं ड्रेसिंग रूममध्ये काम केलं. भावजींसारखी काळजी करणारी माणसं तिथे रोज भेटायची. शहरातून महागातली पट्टी घेऊन यायची आणि म्हणायची, सिस्टर, हीच लावा. त्यांचं प्रेम खरं असतं. पण जखमेला पट्टीकडून दोन अगदी वेगळी कामं हवी असतात. रक्त थांबवणं हे मिनिटांचं काम आहे, जंतू वाढू न देणं हे दिवसांचं. तुमच्याकडे आलेल्या दोन पाकिटांतलं एक पहिल्या कामाचं आहे, एक दुसऱ्या. आबांची जखम आज तीन आठवड्यांची झाली आहे. तिला यातलं नेमकं कुठलं काम हवंय, की दोन्ही नकोत, हे बघितल्याशिवाय पाकीट फाडू नका.

त्या रात्री काय करता आलं असतं ते सांगते, कारण बागायतदाराच्या घरात खोरं, विळा, छाटणीची कात्री रोजच्या हातातली असते आणि अशी वेळ पुन्हा येऊ शकते. माणसाला आडवं करायचं, पाय उशीवर उंच ठेवायचा. स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाची किंवा गॉजची जाड घडी जखमेवर ठेवून तळहाताने जोरात दाबायचं. घड्याळ बघून दहा मिनिटं. या दहा मिनिटांत हात उचलायचा नाही. आमच्याकडे एकदा एका गवंड्याला घेऊन त्याचा भाऊ आला. पोटरीवर टॉवेल धरलेला, आणि दर अर्ध्या मिनिटाला टॉवेलचं टोक उचलून बघायचा, थांबलं का. अख्खा टॉवेल भिजला होता. मी त्याचा हात धरून तिथेच दाबून ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला सांगितलं. दहा मिनिटांनी रक्त जवळजवळ थांबलं होतं. जखमेच्या तोंडाशी आधी प्लेटलेटचा बोळा बसतो, मग त्याच्याभोवती फायब्रिनच्या धाग्यांची जाळी विणली जाते. आपण बघायला कापड उचललं की ते विणकाम उसवतं आणि पहिल्यापासून सुरू होतं. आबांसारख्या, रक्त पातळ असलेल्या माणसाला पंधरा-वीस मिनिटंही लागतील. तोवर कापड भिजलं तर त्याच्यावर दुसरं ठेवायचं आणि जोर वाढवायचा. लालभडक रक्त उसळ्या मारत येत असेल तर एकाने दाबून धरायचं आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा.

आता हळद. सांगली जिल्ह्यातल्या घराला हळद भरू नका म्हणून सांगायला मला जड जातं. हळदीत गुण नाहीत असं मी म्हणत नाही. १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला 'जखम भरण्यासाठी हळद' या गोष्टीचं पेटंट मिळालं होतं. त्याविरुद्ध आपली सीएसआयआर, म्हणजे सरकारची वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, उभी राहिली. तिचे महासंचालक तेव्हा आपले डॉ. रघुनाथ माशेलकर होते, गोव्यातल्या माशेल गावचे. हे ज्ञान आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे, याचे जुन्या ग्रंथांतले आणि छापील लेखांतले पुरावे त्यांनी दिले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. मला याचा अभिमान वाटतो. पण त्या लढ्यात सिद्ध झालं ते एवढंच, की ही माहिती नवी नाही. आपल्या डब्यातली हळद निर्जंतुक असते, असं त्यात कुठेच नाही. ती शेतात निघते, शिजते, उघड्यावर वाळते, दळली जाते, आणि मग रोज ओल्या चमच्याने उपसली जाते. तिच्यात जिवंत जंतू आणि त्यांची बीजं असतात. कॉफीच्या पुडीचंही तेच. वरवरच्या खरचटण्यावर चिमूटभर हळद लागली तर बहुतेक वेळा निभावतं. मातीत काम करताना झालेल्या खोल जखमेत ती भरली की टाके घालणाऱ्याला आधी ती खरवडून काढावी लागते, आणि चुकून राहिलेला कण आत कुसळासारखा राहतो. तुमच्याकडून ते मायेपोटी झालं, त्याची बोचणी ठेवू नका. कंबरमोडीचा पाला चोळून लावणाऱ्यांनाही मी हेच सांगते. त्या पाल्यावर अभ्यास झालेत, पण बांधावरचा पाला धुळीसकट जखमेत जातो. धनुर्वाताचं इंजेक्शन त्या रात्री दिलं होतं का, हे मात्र केसपेपरवर बघून घ्या. पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही.

रक्त थांबवणाऱ्या गॉजचं पाकीट हे त्या पहिल्या रात्रीचं औषध होतं. ते परत पाठवू नका, बागेतल्या खोलीत प्रथमोपचाराच्या डब्यात ठेवा. त्यावर काय लिहिलंय ते वाचा. अशा पट्ट्या बाजारात मुख्यतः दोन जातींच्या येतात. एकीत केओलिन असतं, म्हणजे चिनी मातीच्या कुळातलं पांढरं खनिज. ते रक्ताला लागलं की रक्तात आधीपासून असलेली गोठण्याची साखळी लवकर सुरू होते. दुसरीत कायटोसान असतं, ते कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून करतात. कायटोसानवर धन भार असतो आणि आपल्या लाल पेशींच्या पृष्ठभागावर ऋण. त्यामुळे पेशी त्याला येऊन चिकटतात आणि जखमेच्या तोंडाशी एक चिकट लगदा तयार होतो. त्याला गोठण्याच्या साखळीची फारशी गरज पडत नाही, म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांना ते सोयीचं. अ‍ॅसिट्रॉम ही रक्त पातळ करायची गोळी त्या साखळीवरच काम करते, ती घेणाऱ्यांच्या घरी तर मी कायटोसानचंच ठेवायला सांगते. कुणाला कोळंबी खाऊन अंगावर गांधी उठत असतील तर मात्र डॉक्टरांना विचारून घ्या.

वापरायची रीत चुकली तर महागातलं गॉजही वाया जातं. नुसतं वरून ठेवायचं नाही. रक्त जिथून येतंय तिथपर्यंत ते बोटाने आत भरायचं आणि वरून तीन मिनिटं, किंवा पाकिटावर लिहिलंय तितका वेळ, जोरात दाबायचं. दाब इथेही सुटत नाही. डॉक्टरांकडे जाताना रिकामं पाकीट सोबत न्या, म्हणजे आत काय आहे ते त्यांना कळेल आणि ते भिजवून नीट काढता येईल. आणि पाकिटात गॉजऐवजी पूड असेल तर घरात वापरू नका. यामागे एक गोष्ट आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकन सैनिकांकडे झिओलाइट नावाच्या खनिजाचे दाणे असायचे. ते रक्तातलं पाणी शोषून घ्यायचे, रक्त थांबायचं, पण शोषताना इतके तापायचे की आजूबाजूचं मांस भाजायचं. पुढे ते मागे पडले, आणि २००८ साली त्यांच्याकडच्या तज्ज्ञांनी केओलिन लावलेलं गॉज पसंत केलं. पूड वाऱ्याने डोळ्यांतही जाते. गॉज जिथे भरलंय तिथेच राहतं.

आबांच्या आजच्या जखमेवर मात्र ते लावू नका. सकाळी गॉज ओढल्यावर येणारं रक्त हे त्या रात्रीचं रक्त नव्हे. जखमेच्या तळाशी लालसर, दाणेदार, ओलसर कोंब येतात, त्यांना आम्ही मांसांकुर म्हणतो. त्यांत केसाहून बारीक नव्या रक्तवाहिन्या असतात. कोरडं गॉज त्यात रुततं आणि ओढताना रात्रभरात आलेलं नवं मांस सोबत घेऊन येतं. म्हणजे तुम्ही रोज मनापासून ड्रेसिंग करता आणि रोज थोडं उपटता. उद्यापासून गॉज ओढण्याआधी त्यावर नॉर्मल सलाइन, म्हणजे निर्जंतुक मिठाचं पाणी, सोडा आणि पाच-सात मिनिटं मुरू द्या. न निघाल्यास अजून सोडा. बाटली फोडली की चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्यायचं, पुढच्या आठवड्यासाठी ठेवायचं नाही.

पूर्वी आम्हालाही शिकवलं होतं की जखम उघडी ठेवावी, वारं लागू द्यावं, खपली धरू द्यावी. १९६२ साली जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने डुकरांच्या अंगावरच्या जखमांवर एक साधा प्रयोग केला. काही उघड्या ठेवल्या, काही पॉलिथिनच्या पातळ पडद्याने झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने पसरली. आजच्या सगळ्या आधुनिक पट्ट्या त्या ओलाव्याच्या कल्पनेवर उभ्या आहेत. आबांच्या जखमेतून पाणी बेताचंच येत असेल तर न चिकटणारी पॅराफिनची जाळी पुरेल. पाणी बरंच येत असेल तर अल्जिनेट चांगलं. ते समुद्री शेवाळापासून केलेलं, पिंजलेल्या कापसासारखं दिसतं. जखमेतला ओलावा घेऊन त्याची जेली होते, त्यातलं कॅल्शियम बारीकसारीक रक्त थांबायला मदत करतं, आणि काढताना ते धुवून निघतं. कोरड्या जखमेवर लावलं तर मात्र तेही चिकटेल.

आता चांदीच्या पट्टीकडे येते. भावजींच्या मनात तीच आहे.

पट्टीतच औषध घालायची कल्पना नवी नाही. १२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत जेम्स ग्रीनलीज नावाचा अकरा वर्षांचा मुलगा आला. गाडीचं चाक पायावरून जाऊन नडगीचं हाड मोडलं होतं आणि कातडी फाटली होती. त्या काळी असा पाय बहुतेक वेळा कापावा लागायचा. जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक अ‍ॅसिडमध्ये भिजवलेलं कापड त्यावर बांधलं. सहा आठवड्यांत मुलगा पायावर उभा राहण्याइतका बरा झाला. पण लिस्टरना आणखी एक गोष्ट दिसली होती : अ‍ॅसिडने जखमेभोवतीची कातडी भाजत होती, म्हणून पुढे ते पातळ करावं लागलं. जंतू मारणारं औषध आपल्या पेशींनाही लागतं, ही अडचण तेव्हापासून आजपर्यंत सुटलेली नाही. म्हणूनच तुम्ही जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस किंवा न मिसळलेलं डेटॉल ओतत असाल तर ते आजच थांबवा.

हळूहळू औषध सोडणारी पट्टी या अडचणीवरचा एक उपाय आहे. एकदम भरपूर ओतण्याऐवजी ती जंतूंना पुरेल आणि आपल्या पेशींना झेपेल इतकंच औषध तासातासाला सोडत राहते. चांदीच्या पट्टीत चांदीचा अतिशय सूक्ष्म थर किंवा क्षार असतो. जखमेतला ओलावा लागला की त्यातून चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले सूक्ष्म कण, सुटतात आणि जंतूंच्या आवरणाला, आतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतात. पट्टीप्रमाणे हे तीन दिवस, काहींत सात दिवस चालतं. म्हणजे रोज उघडायची गरज नाही, हा तिचा मोठा फायदा. आयोडीनची एक जात आहे, कॅडेक्सोमर आयोडीन. त्यात स्टार्चच्या बारीक मण्यांत आयोडीन कोंडलेलं असतं. मणी जखमेतलं पाणी पिऊन फुगतात आणि तसतसं आयोडीन बाहेर येतं. मला तिची एक गोष्ट फार आवडायची : औषध संपत आलं की तिचा तपकिरी रंग उडून पांढरट होतो, म्हणजे बदलायची वेळ ती स्वतःच दाखवते. थायरॉइडचा त्रास असलेल्यांना मात्र ती विचारल्याशिवाय लावायची नाही. आणि फ्रामायसेटिन या अँटिबायोटिकची मेणचट जाळी तर आपण कित्येक वर्षं वापरतोय. तीही औषध सोडणारीच पट्टी, फक्त जुन्या घडणीची. तिने काहींना कातडीला खाज आणि पुरळ येतं, आणि अँटिबायोटिक वारंवार असं वरून वापरलं की जंतू त्याला सरावतात.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि दुकानदार त्या सहसा सांगत नाही. औषध पट्टीतून सुटायला ओलावा लागतो आणि जंतूपर्यंत पोचायला स्पर्श लागतो. आबांच्या जखमेच्या तळाशी तुम्ही पिवळट थर लिहिलाय, तो मेलेल्या पेशींचा आणि फायब्रिनचा असतो. त्याच्यावर चांदी ठेवली तर ती त्या थरातच मुरते, खाली जातच नाही. तो थर आधी डॉक्टरांकडून किंवा शिकलेल्या सिस्टरकडून काढून घ्यायला हवा, आणि त्या वेळी दोन्ही गोळ्यांबद्दल आधी सांगायचं. घरी ब्लेडने किंवा चिमट्याने खरवडायला जाऊ नका. दुसरी गोष्ट म्हणजे चांदीच्या काही पट्ट्या ओल्या करून लावाव्या लागतात, आणि तेव्हा सलाइन वापरायचं नसतं. सलाइनमधलं मीठ चांदीशी जुळून न विरघळणारा क्षार तयार करतं आणि चांदी तिथेच बांधली जाते. त्यासाठी निर्जंतुक पाणी लागतं. धुताना सलाइन, पट्टी भिजवताना निर्जंतुक पाणी. मी नव्या मुलींकडून हे दहा वेळा म्हणून घ्यायचे.

मग आबांना ती लावायची का? आज, तुमच्या पत्रावरून, मी नाही म्हणेन. मधुमेही पावलावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या २०२३च्या मार्गदर्शनातही नुसती जखम लवकर भरावी एवढ्यासाठी जंतुनाशक पट्ट्या लावू नका, असंच सांगितलंय, कारण त्याने फरक पडतो असा भरवशाचा पुरावा नाही. डॉक्टरांना तपासताना जंतू वाढल्याच्या खुणा दिसल्या, म्हणजे वास, वाढलेलं पाणी, सहज रक्ताळणारं फिकट मांस, तर ते स्वतः म्हणतील, आणि मग भावजींची पट्टी नक्की उपयोगी पडेल. तेव्हाही दोन आठवडे लावून थांबायचं आणि पुन्हा बघायचं. संपेपर्यंत लावत राहायचं नाही.

गोळ्या-इंजेक्शनं लागत नाहीत, हे भावजींचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पट्टीतलं औषध जखमेच्या पृष्ठभागावर भरपूर मिळतं आणि रक्तात फारसं जात नाही, हा खरा लाभ. पण ते खोलवर उतरत नाही. जंतू मांसात शिरले, हाडापर्यंत गेले, तर कुठलीही पट्टी त्यांना गाठू शकत नाही. तिथे पोटातून किंवा शिरेतून औषध द्यावंच लागतं. आणि उलटही खरं : जखमेत संसर्ग नसेल तर नुसती उघडी आहे म्हणून अँटिबायोटिकच्या गोळ्याही नकोत.

रक्तही थांबवेल आणि जंतूही आवरेल अशी एकच पट्टी नाहीच का, असं तुमच्या मनात आलं असेल. थोडीफार आहे. शस्त्रक्रियेत १९४०च्या दशकापासून ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजची जाळी वापरतात. रक्त लागलं की ती काळपट पडून गोळा होते, रक्त धरते, आणि तिच्या आंबटपणामुळे जंतूंनाही तिथे वाढणं अवघड जातं. कायटोसानमध्येही दोन्ही गुण थोडे थोडे आहेत. २०१२च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत पॉला हॅमंड यांच्या गटाने जिलेटिनच्या स्पंजावर कागदाहून पातळ थर एकावर एक चढवले. काहींत रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन आणि तुरट टॅनिक आम्ल घातलं, काहींत व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक. पहिलं मिनिटांत काम करावं आणि दुसरं दिवसांत, ही कल्पना. अपघाताच्या आणि युद्धाच्या जखमांसाठी, दवाखाना लांब असलेल्या माणसांसाठी, यातून चांगलं काही येईल असं मला मनापासून वाटतं. त्या रात्री तुमच्या बागेत असं काही असतं तर आबांचा तासभर वाचला असता.

पण तीन आठवड्यांनंतर आबांची जखम अडली आहे ती बहुधा पट्टीसाठी नाही. बारा वर्षांची शुगर आणि हृदयाच्या नळीत आधीच अडथळा, म्हणजे पायाच्या नळ्यांतही तो असू शकतो. जखम भरायला लागणारा ऑक्सिजन आणि गोळ्यांतलं औषध, दोन्ही रक्तानेच पावलापर्यंत यायचं. रक्तच कमी पोचत असेल तर चांदी काय किंवा सोनं काय. म्हणून या दोन-तीन दिवसांतच मिरजेला किंवा सांगलीला सर्जनला दाखवा आणि एवढं आवर्जून म्हणा : "पावलाची नाडी बघा." एक पावलाच्या वर लागते, एक घोट्याच्या आतल्या बाजूला मागे. ती नीट लागली नाही तर ते डॉप्लर, म्हणजे नळ्यांतला रक्तप्रवाह बघायची तपासणी, सांगतील. तळव्याला स्पर्श कळतो का तेही बघायला सांगा. उपाशीपोटीची शुगर आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी एचबीएवनसी सोबत न्या. आणि तोवर आबांना बागेत जाऊ देऊ नका. जखम घोट्याखाली आहे, तिथे चपलेचा पट्टा घासतो का, ते स्वतः हात लावून बघा. चालताना दर पावलाला ती जागा ताणली जाते, म्हणून बसतील तेव्हा पाय खुर्चीवर ठेवायला लावा. माझ्या अनुभवात शेतकऱ्याला चार आठवडे बसवून ठेवणं हे सगळ्यांत अवघड ड्रेसिंग असतं, पण तुम्ही ते कराल.

आज रात्री एक काम करा. जखमेभोवती लाली असेल तर तिच्या कडेने बॉलपेनने रेघ मारा आणि शेजारी तारीख-वेळ लिहा. सकाळी लाली रेघेबाहेर गेलेली दिसली, पाय गरम किंवा सुजलेला वाटला, वास आला, कडा काळी पडली, ताप आला किंवा काही कारण नसताना शुगर वाढली, तर दोन-तीन दिवस थांबू नका, तसेच निघा. शुगर असलेल्या माणसाला पायात दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं धरून चालू नका. कित्येकदा तिथली जाणीवच गेलेली असते.

चांदीचं पाकीट न फोडता डॉक्टरांकडे सोबत न्या, त्यावरचं नाव आणि मुदत त्यांना दाखवा. भावजींना माझा नमस्कार सांगा. आणि आबांच्या पावलाची नाडी लागली की नाही, ते मला उलट पत्री कळवा.